चार बोटांची फट

डोंगराच्या पोटात धान्य साठवणारे एक गाव फार पूर्वी होते. कातळात कोरलेल्या त्या कोठाराला दार म्हणून एक शिळा होती. ती खालीवर सरकायची. दाराच्या वर कातळात एक अरुंद, खोल खाच होती. तिच्यात झाडाच्या चिकापासून केलेल्या दोन जाड, लांब पट्ट्या बांधल्या होत्या आणि त्या पट्ट्यांना शिळा टांगली होती. ओझे पट्ट्यांवर असल्याने खालून हात घालून उचलली की एकटी बाईसुद्धा ती वर सारू शके.

शिळा आणि उंबरठा यांच्यात नेहमी चार बोटांची फट राही. हात घालायला तीच आणि आत वारा जायलाही तीच.

या पट्ट्या रानाच्या कडेला राहणारी एक चीकवाली करी. झाडाला चीर पाडून ती पांढरा चीक गोळा करी, त्याचा थर धुरावर वाळवी आणि पट्ट्या कापी. पट्टी ताणली की हातभर लांब होई, सोडली की मूळच्या मापाला येई.

त्याच गावात एक लोहार होता. गाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. धाव लालबुंद तापवायची, ती वाढली की चाकावर बसवायची आणि वर पाणी ओतायचे. मग ती अशी आवळून बसे की चाक झिजे, पण धाव सुटत नसे. कुठल्याही गोष्टीचा विषय निघाला की लोहार म्हणे, तापलं की वाढतं, निवलं की आखडतं. लोक माना डोलवत. त्याचे बोलणे खोटे नव्हतेच.

फाल्गुनातल्या एका दुपारी लोहाराची बायको ज्वारी मापायला कोठारात गेली. माकडे आत शिरू नयेत म्हणून तिने मागे शिळा खाली सोडली. थोड्याच वेळात आभाळ काळे झाले आणि गारा कोसळू लागल्या. गारपीट थांबली तेव्हा अंगणे पांढरी झाली होती. दारावरची खाच गारांनी काठोकाठ भरली होती.

आणि शिळा उंबरठ्यावर टेकली होती. फट उरली नव्हती.

आतून ठोकल्याचा आवाज येत होता. बंद कोठारातली कोंदट हवा जीव घेते, हे गावात सगळ्यांना ठाऊक होते. लोहार पहार घेऊन धावत आला, पण पहारीचे टोक घालायला नखाएवढीही जागा नव्हती. कोणी म्हणाले, घणाने फोडा. एका म्हाताऱ्याने त्याला अडवले. शिळा फुटली तर आतल्या बाईच्याच अंगावर पडेल, असे तो म्हणाला. वरून पट्ट्या ओढाव्यात तर खाचेत एका माणसाचा हात जेमतेम कोपरापर्यंत जाई.

लोहाराने वर पाहिले आणि मनाशी ठरवले, गारांच्या माऱ्याने पट्ट्या लांबल्या आहेत. त्या आखडायला हव्यात. म्हणजे आणखी गार करायला हव्यात. त्याने तसे सांगितले आणि माणसे टोपल्या भरभरून गारा आणून खाचेत ओतू लागली. विहिरीचे पाणीही ओतले.

शिळा किंचित करकरली आणि उंबरठ्यावर अधिकच घट्ट बसली. आतले ठोकणे सावकाश होत गेले.

तेवढ्यात डोक्यावर घोंगडे घेतलेली चीकवाली आली. तिने एकवार वर पाहिले आणि गारा काढून उकळते पाणी ओतायला सांगितले. एक जण म्हणाला, मावशी, दाराला आंघोळ घालायची आहे का? पण लोहार हसला नाही. तो खाचेसमोर आडवा उभा राहिला.

"आधीच लांबल्यात, त्या तापवून आणखी लांबवतेस? माझी बायको आहे आत, मावशी."

चीकवालीने कमरेची एक पातळ पट्टी काढून त्याच्या हातात दिली. "ओठाला लाव, दादा. आता झटकन ताण."

त्याने ताणली. पट्टी ओठाला कोमट लागली. सैल सोडली, तशी गार लागली. मग तिने त्या पट्टीला त्याच्याच कमरेचा हातोडा टांगला आणि शेजारच्या चुलीतला निखारा चिमट्यात धरून पट्टीजवळ वरखाली फिरवला. सगळ्यांच्या देखत हातोडा बोटभर वर चढला.

"लोखंड तू ओळखतोस, ते तसंच वागतं," ती म्हणाली. "हा चीक आहे. ओझं लटकत असताना तापला की आखडतो, गारठला की लांबतो. का, ते मलाही माहीत नाही. पण तीस वर्षं हेच बघतेय."

आतले ठोकणे थांबले होते.

लोहाराने हातोड्याकडे पाहिले. मग तो स्वतःच हात घालून खाचेतल्या गारा उपसू लागला.

बाया चुलीवरची पातेली तशीच उचलून आल्या. पहिले पातेले ओतले, काही झाले नाही. दुसरे ओतले, तरी नाही. तिसऱ्या पातेल्यानंतर उंबरठ्यापाशी दोऱ्याएवढी काळी रेघ दिसली. ती बोटभर झाली, मग दोन बोटे. आणि त्या फटीतून ज्वारीच्या धुळीने माखलेली चार बोटे बाहेर आली.

दहा-बारा हात एकदम खाली गेले आणि शिळा वर सरकली.

लोहारीण उंबरठ्यावर बसून किती तरी वेळ नुसती हवा घेत राहिली. मग तिने विचारले, "ते गार पाणी कोणी ओतलं? झिरपून सगळं माझ्या पाठीवर."

"मीच," लोहार म्हणाला.

"वाटलंच मला."

सगळे गाव हसले. छातीवरचा दगड उतरल्यावर माणसे हसतात तसे. लोहार मात्र डोळे पुसत होता.

पुढच्या आठवड्यात त्याने खाचेवर बसवायला लोखंडी झाकण घडवायचे ठरवले. पण भट्टी पेटवण्याआधी तो रानाच्या कडेला गेला आणि उन्हाने झाकण तापले तर पट्ट्यांना चालेल का, हे चीकवालीला विचारून आला.

तात्पर्य एवढेच की, आपल्या अनुभवाने शिकवलेले खरे असले तरी ते सगळ्यांना लागू पडत नाही. ताण आल्यावर कोण कसे वागेल, हे त्याला जवळून ओळखणाऱ्याला आधी विचारावे.