वर खारं, खाली खारं

एकदा भर समुद्रातल्या एका उघड्या खडकावर तीन जीव अडकले: एक वृद्ध गुरू, त्यांचा शिष्य आणि त्यांना होडीतून नेणारा पोशा तांडेल. लाटा अशा उसळल्या होत्या, की होडी पुन्हा पाण्यात ढकलणं म्हणजे यमाला हाक मारणं. त्यात पोशा तापाने फणफणलेला, आणि पिण्याच्या पाण्याची घागर धक्क्यावरच राहिलेली.

"अरे पोशा, होडीपुढे नारळ फोडायला विसरला नाहीस, घागर बरी विसरलास!" शिष्य सकाळपासून त्याला सोलून काढत होता. पोशाची जीभ टाळूला चिकटलेली.

शिष्याचं घराणं मिठागरातलं. खाऱ्या पाण्यातून मीठ काढणं त्याच्या हाडीमाशी खिळलेलं. त्याने दगडांची चूल मांडून वाहून आलेली लाकडं पेटवली, होडीतल्या भांड्यांमधला टोप घेऊन टोपभर समुद्र चुलीवर चढवला आणि टक लावून बसला. दुपारी तळाशी पांढरंशुभ्र मीठ उरलं.

"बाबा, निघालं! सगळं मीठ निघालं!"

गुरूंनी टोपात डोकावून पाहिलं. "उत्तम. आता पाणी वाढ."

शिष्याचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला. शहाणी माणसं चुकतात तीही अशी परिपूर्ण चुकतात.

गुरूंनी टोपात पुन्हा थोडं समुद्राचं पाणी घेतलं. मधोमध दगड, दगडावर रिकामी वाटी. टोपावर खोलगट कढई बसवली आणि तिच्यातही समुद्राचंच गार पाणी ओतलं.

"वर खारं, खाली खारं," शिष्य पुटपुटला. "म्हाताऱ्याला ऊन बाधलंय."

गुरूंना सगळं ऐकू आलं. त्यांनी ऐकलं नाही. कढईतलं पाणी तापलं की ते फेकून नवं ओतत राहिले.

सावल्या लांबल्या तेव्हा त्यांनी कढई उचलली. तिच्या गार बुडाला लागून वाफेचे थेंब झाले होते आणि ते ठिबकून वाटीत पाणी साठलं होतं. शिष्याने बोट बुडवून चाखलं. खारट नव्हतं!

"हेच पाणी तुझ्या डोळ्यांदेखत वाफ होऊन गेलं," गुरू म्हणाले, "कारण तू मिठाकडे बघत बसला होतास. मीठ राहू दे रे तळाशी. पाणी वर येतं, ते झेलावं. या तांडेलाचंही तू तेच चालवलं आहेस. त्याचा एक विसराळूपणा खरवडून काढण्याच्या नादात, अंगात ताप असताना आपल्याला त्या लाटांतून जिवंत आणणारा माणूस तुझ्या हातून वाफ होऊन चालला आहे."

शिष्याचाही घसा कोरडा पडला होता. त्याने वाटी उचलली, क्षणभर तशीच धरली, मग पोशाचं डोकं मांडीवर घेऊन ती त्याच्या ओठांना लावली. शेवटच्या थेंबापर्यंत.

"कसं आहे, पोशादादा?"

"चव नाय कसलीच," पोशा डोळे उघडत म्हणाला. "आनखी हाय का?"

शिष्य लाळेचा घोट गिळून उठला, आणि कढई भरायला लाटांकडे गेला.