विसरण्याची दवंडी

"विसरा! माझा खेळ सगळ्यांनी विसरा!" राजा रणधवल असा ओरडला, की छतावरची कबुतरं भुर्रकन उडाली.

समोर उभी होती येसू, तान्हू कातारी याची लेक. शेजारी अंग चोरून तिचा बा. आणि दोघांच्या मधे, शिपायांनी उचलून आणलेला तान्हूचा चरक. त्यावर लाकूड गरगर फिरवून कातायचं, लाटणी-पोळपाट विकायचे, तेव्हा कुठे घरात चूल पेटायची!

गुन्हा काय? तर राजाने एक खेळ काढला होता, 'व्याघ्रविजय'. हस्तिदंती वाघ, हस्तिदंती शेळ्या, मखमलीचा पट. वाड्याबाहेर तो कोणी मांडायचा नाही, सक्त मनाई! येसू मुदपाकखान्यात लाटणी पोचवायला गेली, येता येता दारातून तिने डाव पाहिला, आणि घरी येऊन ओट्यावर कोळशाने पट आखला. लाकडाच्या उरल्यासुरल्या तुकड्यांच्या शेळ्या केल्या. एवढ्यावर थांबेल तर ती येसू कसली! तिने आपली एक सोंगटी वाढवली, धनगरीण. धनगरीण शेजारी आली, की वाघाने गुपचूप एक घर मागे सरायचं. गाव नुसतं खुळावलं. पाण्याला निघालेल्या बायका घागरी टेकवून ओट्यावरच बसायला लागल्या.

"माझा वाघ धनगरणीला भितो?" राजा कडाडला.

"भितो कुठं महाराज? बाईमाणसाला वाट देतो!"

दरबारात कोणीतरी फिस्सकन हसलं. राजाचे कान लाल झाले.

"ऐक पोरी! हा खेळ जो दुसऱ्याला शिकवील, त्याचं हत्यार होळीत, हा माझा कायदा. तू शिकवलास, आता तूच विसरायला लाव. पौर्णिमेला मी स्वतः बघायला येईन. एकाला जरी चाल आठवली, तरी हा चरक जाळून टाकीन!"

तान्हूने डोळे मिटून घेतले. येसूने मात्र पदर खोचला.

"विसरायला लावते. पण महाराज, आमच्या गावच्या लेकी सासरी गेल्यात. कुणी कुठं हा खेळ नेला, देवाला ठावं! माझ्यासारख्या पोरीचं कोण ऐकणार? तुमची दवंडी फिरवा, सगळ्या मुलखात."

"फिरवू!"

"अन् काय विसरायचं ते नेमकं सांगा. नुसतं 'विसरा' म्हटलं, तर कुणी सासऱ्याचं नाव विसरायचं, कुणी सारा भरायचं विसरायचं!"

"सारा?" राजा ताडकन उठून बसला. "छे छे! दिवाणजी, एकेक चाल खुलासेवार लिहून द्या! कसलाही घोळ नको!"

वाटेत तान्हू म्हणाला, "येसे, आता गं कसं?"

"आता बा, आपण निवांत भाकर खायची. राजाची माणसं कामाला लागल्यात."

दुसऱ्या दिवशी राजाचा चांदीच्या कड्यांचा ढोल मुलखात फिरू लागला. ढुमढुमढुम!

"ऐका हो ऐका! वाघ शेळीवरून उडी मारतो अन् तिला खातो, हे विसरा हो! शेळीनं मागं यायचं नाही, हे विसरा हो! चारी बाजूंनी कोंडला की वाघ मेला, हे बी विसरा हो!"

ज्यांनी खेळाचं नावही ऐकलं नव्हतं, ती माणसं कामं टाकून धावली. "काय म्हणालास? शेळीनं मागं काय? जरा सावकाश सांग की बाबा, विसरायचं हाय आम्हाला!" पोरांनी तर तिथल्या तिथे धुळीत पट आखले. चुकून भलतंच काही विसरायला नको ना!

पौर्णिमेला राजा घोड्यावरून निघाला, मागे दिवाणजी, ढोलवाला आणि चरक घेऊन शिपाई. वेशीजवळ सुपारी कातरत एक म्हातारा बसला होता.

"आजोबा, वाघ-शेळ्यांचा खेळ येतो का?"

"न्हाई महाराज! पार विसरलो! वाघाची उडी विसरलो, शेळी मागं येत न्हाई ते विसरलो, वाघ कोपऱ्यात कसा कोंडायचा ते तर कालच दोनदा विसरलो!"

पुढच्या गावात एक बाई म्हणाली, "मीबी विसरले, पण माझं विसरणं जावेपेक्षा चांगलं हाय!" राजाच्या मिशा थरथरल्या. येसूच्या ओट्यासमोर तो पोचला, तेव्हा त्याच्या डोक्यातून वाफ निघायची तेवढी बाकी होती.

"फसवलंस! साऱ्या मुलखाला खेळ आला! पेटवा होळी, टाका तो चरक!"

शिपायांनी लाकडं रचली. तान्हू चरकाला मिठी मारून बसला. तशी येसू पुढे झाली.

"टाका की! पण महाराज, कायदा काय? जो शिकवील त्याचं हत्यार होळीत. मी शिकवलं एका गावाला. साऱ्या मुलखाला कुणी शिकवलं?"

राजाचं बोट दिवाणजींकडे वळलं.

"ज्यानं जास्त शिकवलं त्याचा मान पहिला. आधी तुमचा ढोल टाका, मागनं आमचा चरक!"

ढोलवाल्याने घाबरून ढोल पोटाशी धरला. राजाने ढोलाकडे पाहिलं, चरकाकडे पाहिलं, खाली मान घातलेल्या दिवाणजींकडे पाहिलं. ओठ आवळून बघितले, पण हसू कसलं आवरतंय! खो खो करत तो ओट्यावरच बसला.

"जिंकलीस गं! खेळ आता साऱ्यांचा. तान्हू, आजपासून तू वाड्याचा कातारी! आणि पोरी, हे सोन्याचे गोठ घाल हातात. आणखी काय हवं, बोल!"

"ढोल अजून एकदा फिरवा, महाराज."

"आता आणि कशाला?"

"ढोलवाल्यानं पलीकडच्या वाडीत चाल उलटी सांगितली. तिथं शेळ्याच वाघाला खायला लागल्यात!"

राजा असा हसला, असा हसला, की फेटा सुटून मांडीवर आला!