वळणावरचे आग्या मोहोळ

एक वृद्ध गुरू माळावर, मोकळ्या हवेत, तरुणांना धावण्याची विद्या शिकवीत असत. गावच्या शर्यतीला आठवडा उरला असताना त्यांच्या सर्वांत वेगवान शिष्याला वळणावरच्या वडाखाली आग्या मोहोळाच्या माश्यांनी फोडून काढले. तीन दिवस तो तापाने फणफणत होता. शर्यत भरवणारा व्यापारी संतापला. मोहोळ जाळून टाकायचे, असे त्याने ठरवले आणि शिष्यानेही मुकाट मान डोलावली.

चौथ्या दिवशी सकाळी माणसे पलिते घेऊन वडापाशी जमली. गुरूंनी घटकाभर थांबायची विनंती केली. मग ते विहिरीवर गेले, नुसत्या पाण्याने अंग धुतले, पांढरे धोतर कसले आणि सत्तरीतला तो म्हातारा थेट मोहोळाखालून धावू लागला. शिष्याला काय करावे कळेना. हाक मारावी तर माश्या उठतील, न मारावी तर गुरू जातील. पाचसहा माश्या सुटून गुरूंच्या डोक्याभोवती फिरू लागल्या. गुरूंनी हात झटकला नाही, वेगही वाढवला नाही. असे ते तीनदा गेले आणि तीनदा सुखरूप परतले.

धाप ओसरल्यावर ते व्यापाऱ्याला म्हणाले, "शेठ, तीन दिवस या मुलाचं अंग मी पुसलं. अत्तराचा वास अजून माझ्या हातांना आहे. अंगाला सुगंधी तेल आणि सरावाला मागे ढोल, मग माश्या चिडणारच. हे मोहोळ जाळाल, तर तुमच्या शेतात फुललेल्या कांद्याच्या गोंड्यांत बी कसं भरेल? आम्ही रोज इथून धावतो. कुठे काय फुललं, मोहोळ कुठे बसलं, हे आमच्याइतकं कुणाला दिसतं? त्याची राखणही आम्हीच करायला हवी."

गावात साध्या सरावालाही वाजंत्री लागते, हे व्यापारी जाणून होता. हे खरे का, असे विचारत त्याने शिष्याकडे पाहिले.

शिष्याला फार लाज वाटली. "तेल मीच चोळलं होतं, शेठ," तो हळूच म्हणाला. "ढोलवाल्यांनाही मीच आणलं होतं. चूक माझीच निघेल म्हणून मी बोललो नाही."

व्यापाऱ्याने पलिते विझवायला सांगितले.

शर्यतीत तो शिष्य दुसरा आला. वडाच्या वळणावर सर्वांच्या पुढे असूनही तो थबकला होता आणि मागून येणाऱ्यांना हाताने गप्प राहण्याची खूण करूनच पुढे धावला होता.