जरीच्या दुपट्यातली राजकन्या

एका राज्यात पृथुराज नावाचा राजा होता. माणूस भला. दरबारात आधी त्याचं पोट यायचं, मागनं महाराज. त्याला लेक झाली, लोण्याचा गोळाच. मानेला घड्या, मांड्यांना घड्या, मनगटाला तर दोरा बांधल्यागत घडी.

त्या घराण्याची एक रीत होती. खजिन्यातलं जरीचं दुपटं बाळाला करकचून गुंडाळायचं, ते दात येईपर्यंत. आंघोळ झाली की ओल्या अंगावरच परत बांधायचं, वारा लागू द्यायचा नाही. ही रीत घालून दिली होती धूम्रकेश मांत्रिकानं.

बाळीच्या घड्या लालबुंद झाल्या. पोर दिवसभर रडे.

मांत्रिक म्हणाला, "नागिणीचा शाप आहे. पुनवेला पोर मला द्या, नाहीतर जगायची नाही. आणि दुपटं सोडाल तर धूर होऊन उडून जाईल."

राजा रडत बसला. गोजरा राणी उठली आणि रानात गेली.

रानात एक धनेशीण, मोठ्या चोचीची शहाणी पाखरीण, झाडाच्या ढोलीत बसली होती. ढोलीचं तोंड लिंपलेलं, फटीतनं फक्त चोच बाहेर.

राणी म्हणाली, "बाई, माझ्या लेकीला वाचव. नागिणीच्या शापानं तिच्या घड्या लालबुंद झाल्यात म्हणे."

"मी सांगते ती तीन कामं कर. शालू अंगाला घट्ट गुंडाळ नि उन्हात बस."

राणी बसली. घामानं निथळली.

"आता तशीच टेकडी चढून ये."

राणी चढून आली. काखेत कातडीला कातडी घासली.

"आता ओढ्यात डुबकी मार, नि अंग न पुसता बस."

राणी बसली. थोड्या वेळानं काखेत आग आग झाली. बघते तर लालबुंद.

धनेशीण म्हणाली, "घाम, घासणं, ओल. तुला कुठल्या नागिणीनं शाप दिला गं? मीही पिल्लांना कोंडून बसलेय, पण वाऱ्याला फट ठेवलीय. जा, मऊ फडक्यानं टिपून कोरडं कर, मोकळं ठेव. एवढ्यानं नाही गेलं, वास आला, पू धरला, तर वैद्याला दाखव. ओल्या जागी बुरशी धरते."

राणी परतली तर पुनव आलेली, मांत्रिक हात पसरून उभा. तिनं दुपट्याच्या गाठीला हात घातला.

राजा म्हणाला, "गोजरे, नको. धूर झाली तर?"

राणीनं बाळीच्या कपाळाला ओठ लावले नि गाठ सोडली.

बाळी धूर झाली नाही. दुपटं मात्र सळसळत गेलं नि मांत्रिकालाच गुंडाळून बसलं. तो "सोडा, घाम आला" म्हणत वेशीबाहेर गडगडत गेला, तो गेलाच.

राणीनं घडी न् घडी उघडून टिपली. बाळीनं हातपाय ताणले, जांभई दिली, झोपली. चार दिवसांत लाली उतरली.

राजा हळूच म्हणाला, "राणीसाहेब, आमच्या पोटाखाली पण तसंच आहे. परत परत होतं."

"मग तुम्ही आधी वैद्यबुवांकडे. अंगात साखर वाढली की असं परत परत होतं. लघवीला मुंग्या लागतात का, तेही खरं सांगा. जिलब्या आजपासून बंद."

राजानं तोंड पाडलं. मग लेकीला उचललं नि तिच्या मानेच्या घडीत हलकी फुंकर मारली. बाळी पहिल्यांदा खुदकन हसली.

त्या राज्यात आता हीच रीत आहे. आंघोळ झाली की बाळ टिपायचं आणि मानेत फुंकर मारायची. तुमचं बाळ तिकडं गेलं, तर त्याच्याही मानेत फुंकर मारतील.