धारेकडे पाठ

फार मागची गोष्ट नाही, पण घाटाखालचा ओढा तेव्हा बारा महिने वाहत होता. त्यात मळ्या नावाचा बोटभर मासा राहायचा. ओठांनी दगड घट्ट धरायचा आणि धार कितीही जोरात आली तरी तोंड तिच्याकडेच ठेवायचं, हा त्याच्या घराण्याचा रिवाज होता.

एकदा शहरातून आलेल्या निरंजन नावाच्या हौशी माणसाने त्याला जाळीत पकडलं आणि घरी नेऊन काचेच्या टाकीत सोडलं.

टाकीत आधीपासून एक गोल्डफिश होती. ती म्हणाली, "इथे खंड्या नाही, खेकडा नाही. दोन्ही वेळा आयतं मिळतं."

"ते ठीक आहे, बाई. पण तोंड कुठे करायचं?"

"कुठेही कर. सगळीकडे सारखंच आहे."

मळ्याला ते पटलं नाही. शोधता शोधता त्याला कोपऱ्यात नळीतून पडणारी बारीक धार सापडली. तिथली काच ओठांनी धरून तो तिच्याकडे तोंड करून राहिला.

निरंजनने ते पाहिलं आणि तो बायकोला म्हणाला, "रमला बघ हा. उद्या ओढ्यावरून याची अख्खी जमात घेऊन येतो."

मळ्याने काच सोडली, धारेकडे पाठ केली आणि तळाशी आडवा पडून राहिला.

"अरे, रिवाज मोडलास?" गोल्डफिशने विचारलं.

"तो पाळणारे ओढ्यात राहायला हवेत," मळ्या म्हणाला.

सकाळी जाळी घेऊन निघालेला निरंजन टाकीपाशी थांबला. "हे मासे इथे टिकायचे नाहीत," असं पुटपुटत त्याने जाळी पुन्हा खुंटीला अडकवली.