हैबतीने लंगडायचं नाकारलं

एका नदीकाठच्या गावात एक फलंदाज राहत होता. त्याचं नाव हैबती. बॅट हातात आली की तो भल्याभल्यांना घाम फोडी. पण झेल मात्र त्याच्या तळहातावर आपटून खाली पडे.

गेल्या जत्रेतल्या क्रिकेट स्पर्धेच्या अंतिम सामन्यात असाच एक सोपा झेल सुटला आणि गाव हरलं. तेव्हापासून सगळे त्याला ‘गळकी घागर’ म्हणून चिडवू लागले. त्याच्याबरोबर सरावाला कुणी येईना.

“या वयात कुठं हात सुधारतात?” लोक म्हणाले.

“सुधारतात की नाही, ते मी बघतो!” हैबती म्हणाला.

त्याची बायको तानूबाई नदीच्या वाळूत कलिंगडं पिकवायची. ट्रॅक्टरची ट्रॉली भरताना ती खालून कलिंगड फेकी आणि वर उभा असलेला गडी ते झेली. हैबती त्या गड्याच्या जागी उभा राहिला. पहिलंच कलिंगड हातातून सुटून फुटलं.

“अहो, त्याच्यावर झडप कशाला घालता?” तानूबाई म्हणाली. “त्याला येऊ द्या. हाताला लागलं की हात त्याच्याबरोबर मागं घ्या, पार छातीपाशी. आणि नजर हलवू नका.”

कलिंगडांचा हंगाम संपला, तेव्हा तिनं चेंडू फेकायला घेतला. हैबतीची बोटं सुजली, नखं काळी पडली. तो रोज उभा राहिला.

पुन्हा जत्रा आली, पुन्हा अंतिम सामना. हैबतीने साठ धावा काढल्या. क्षेत्ररक्षणाला उतरताना कप्तान त्याच्या कानाशी लागला.

“जरा लंगड. पाय मुरगळला म्हणून सांगतो आणि तुझ्या जागी दुसरा उतरवतो.”

“माझा पाय ठणठणीत आहे.”

“ते आपल्या दोघांनाच माहीत आहे ना! पुन्हा झेल सोडलास तर गावात तोंड दाखवता येणार नाही.”

“नाही आलं तर नाही. खोटं लंगडणार नाही. माझ्याकडे आलेला झेल मीच घेणार.”

कप्तानाने चिडून त्याला सीमारेषेवर पाठवलं. तिसऱ्याच षटकात उंच झेल आला. हैबतीने घाईने हात पुढे ताणले आणि झेल सुटला. मैदानभर हशा पिकला.

“आता तरी बाहेर जा!” कप्तान ओरडला.

हैबतीचे कान तापले, पण पाय हलले नाहीत. “जाणार नाही! पुन्हा इकडंच येऊ दे!”

शेवटच्या षटकात समोरच्या संघाची शेवटची जोडी होती आणि त्यांना चार धावा हव्या होत्या. फलंदाजाने हैबतीला हेरलं आणि मुद्दाम त्याच्याच दिशेने चेंडू उचलला. हैबती धावला, चेंडूखाली येऊन थांबला. नजर हलली नाही. चेंडू तळहाताला लागताच हात छातीपर्यंत मागे आले, आणि चेंडू तिथेच राहिला.

गाव जिंकलं. कप्तान धापा टाकत आला. “हाही सुटला असता तर रे?”

“तर उद्या सकाळी पुन्हा सरावाला उभा राहिलो असतो,” हैबती म्हणाला.

तात्पर्य एवढंच: उणीव झाकायची खोटी वाट कुणी दाखवली, तर ती ठामपणे नाकारावी आणि उणीव भरून काढावी; त्यात पुन्हा चूक झाली, तरी मैदान सोडू नये.