तीन ओळींतली भाकरी

संगणकांचे पडदे हिरवे होते तेव्हाची गोष्ट. प्रोग्रॅमरांच्या सामायिक साठ्यात कोडचा तीन ओळींचा एक तुकडा राहायचा. नावांमागच्या मोकळ्या जागा पुसणं, एवढंच त्याला येई. हेमांगी नावाच्या प्रोग्रॅमरनं तो उपाशीपोटी लिहिला, म्हणून त्यातल्या जागा मोजणाऱ्या आकड्याला तिनं ‘भाकरी’ नाव दिलं होतं.

लोक येत, नक्कल उचलत, निघून जात. शेजारचे तुकडे परभाषेतले, त्यामुळे बोलणंही होत नसे.

एकदा एक अवाढव्य प्रोग्रॅम डागडुजीला आला. त्याच्या पोटात तुकड्याला ‘भाकरी’ दिसली.

“ही कुठली?”

“कोण जाणे,” प्रोग्रॅम म्हणाला. “पण काढली की मी बंद पडतो.”

“ती माझी आहे.”

“असेल,” म्हणत तो निघून गेला.

मोकळ्या जागा पुसणाऱ्या तुकड्यानं त्या दिवशी आपल्या शेजारची एक जागा, तो परत आलाच तर म्हणून, तशीच राहू दिली.